विक्रीतून गेलेला जुना गेम रीतसर कसा मिळवायचा: टप्प्याटप्प्याने

जुना कॉम्प्युटर गेम पुन्हा खेळायची हुक्की आली की बहुतेक जण गेमचं नाव टाइप करतात, पुढे 'फ्री डाउनलोड' जोडतात आणि पहिल्या दुव्यावर क्लिक करतात. मग कधी फाइलसोबत व्हायरस येतो, कधी भलतीच आवृत्ती गळ्यात पडते. कधी सगळं जमवून झाल्यावर कळतं की तोच गेम मालकाने केव्हाच मोफत देऊन ठेवला होता. चूक शोधण्यात कमी आणि क्रमात जास्त असते. डाउनलोड ही या कामातली मधली पायरी आहे आणि लोक तिथूनच सुरुवात करतात.

पहिल्या टप्प्याआधी एक गैरसमज बाजूला काढू. "कंपनी बुडाली, गेम कुठे विकत मिळत नाही, मग आता तो कोणाचाच नाही" असं सर्रास ऐकू येतं. पण वस्तू विक्रीत आहे की नाही यावर कॉपीराइटची मुदत ठरत नाही. कॉपीराइटविषयीचा आंतरराष्ट्रीय बर्न करार पाळणाऱ्या देशांत सर्वसाधारण मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं आहे आणि बऱ्याच देशांनी ती वाढवली आहे. अमेरिकेत कंपनीने पगारी माणसांकडून करून घेतलेल्या कामाला प्रकाशनापासून ९५ किंवा निर्मितीपासून १२० वर्षं मिळतात, त्यातली जी मुदत आधी संपेल ती. म्हणजे तिथे १९९० साली आलेला असा गेम २०८५ संपेपर्यंत कोणाच्या तरी मालकीचा राहणार. नुसती मुदत संपून एखादा व्यावसायिक गेम मोकळा झाला असेल, ही आशा तूर्त सोडून द्या. 'अबँडनवेअर', म्हणजे मालकाने वाऱ्यावर सोडलेलं सॉफ्टवेअर, असा शिक्का मिरवणाऱ्या साइटी भरपूर आहेत, पण तो शिक्का साइटवाल्याने मारलेला असतो, हक्कदाराने नव्हे.

अडचण खरी आहे, हेही मान्य. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत, अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात उपलब्ध नसल्याचं दिसलं. उरलेल्या १३ टक्क्यांत तुमचा गेम आहे का, हे आधी बघायचं आणि नसला तर पुढचे रस्ते धरायचे. कायदे देशागणिक बदलतात, म्हणून खाली जिथे कायद्याचा विषय येतो तिथे कोणत्या देशाचा कायदा ते सांगितलं आहे.

## टप्पा १: गेमची ओळख पक्की करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढच्या निम्म्या चुका इथल्या आळसातून येतात.

एक फाइल उघडून पाच गोष्टी लिहा: पूर्ण नाव, साल, कोणत्या यंत्रासाठी (डॉस, विंडोज ९५, अमिगा वगैरे), बनवणारी कंपनी आणि प्रकाशित करणारी कंपनी. शेवटच्या दोन बहुतेकदा वेगळ्या असतात आणि नेमकी तिथेच गल्लत होते. आठवणीवर विसंबू नका. मोबीगेम्ससारख्या सूचीवर जाऊन खोक्याचे फोटो, श्रेयनामावली आणि निरनिराळ्या आवृत्त्या बघा.

नावाचे घोळ दोन तऱ्हेचे. पहिला, एकाच नावाचे दोन गेम. 'प्रे' नावाचा एक गेम २००६ साली आला आणि दुसरा २०१७ साली. नाव सोडलं तर दोघांचा काही संबंध नाही. आज दुकानात दिसणारा 'प्रे' बघून "मिळाला!" म्हणत पैसे भरणारे लोक आहेत. दुसरा घोळ उलटा, एकाच गेमची दोन नावं. १९९४ चा 'यूएफओ: एनिमी अननोन' अमेरिकेत 'एक्स-कॉम: यूएफओ डिफेन्स' या नावाने विकला गेला. १९९१ चा 'अनदर वर्ल्ड' तिथे 'आउट ऑफ धिस वर्ल्ड' झाला. एकाच नावाने शोधलंत तर विक्रीत असलेला गेमही सापडणार नाही.

आवृत्तीही लिहा. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात एकच साहसी गेम फ्लॉपीवर मुक्या पात्रांसह आणि सीडीवर बोलक्या पात्रांसह यायचा. तुम्हाला आठवतो तो कोणता? पात्रांचे आवाज आठवत असतील, तर फ्लॉपीवरची प्रत मिळवून तुमचं समाधान होणार नाही.

तपासा: पाचही गोष्टी एका ओळीत लिहिता येतात का? एखाद्या रकान्यात 'बहुतेक' लिहावं लागत असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: आजचा मालक कोण, एवढंच शोधा

इथे वकिली करायची नाही. गेमचे हक्क आज साधारण कोणाकडे आहेत हे कळलं तरी पुरे, कारण पुढे कोणी "हा मोफत आहे" म्हणालं, तर म्हणणारा मालक आहे की उपरा हे ओळखता यायला हवं.

सुरुवात गेमच्या पहिल्या पडद्यावरच्या कॉपीराइट ओळीपासून करा. चालणारी प्रत हाताशी नसेल तर खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो चालतो. तिथे जे नाव दिसेल त्या कंपनीचं पुढे काय झालं ते बघा. सिएरा या गेम कंपनीचं उदाहरण घ्या. १९९६ साली ही कंपनी विकली गेली, पुढे व्हिवेंडीकडे आली, २००८ साली ॲक्टिव्हिजनच्या छत्राखाली गेली आणि २०२३ साली ॲक्टिव्हिजनच मायक्रोसॉफ्टने घेतली. पण त्याच घरातली 'लेझर सूट लॅरी' मालिका मधल्या काळात वेगळी विकली गेली. म्हणून कंपनीच्या वंशावळीवर थांबू नका. तुमचा विशिष्ट गेम त्याच गाठोड्यात राहिला का, हे वेगळं तपासा. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची १९७८ पासूनची सूची ऑनलाइन चाळता येते आणि नोंदवलेली हस्तांतरणंही तिथे दिसतात.

एका गेममध्ये अनेकांचे हक्क गुंतलेले असतात. प्रोग्रॅम एकाचा, संगीत दुसऱ्याचं, गाडीचं किंवा सिनेमाचं नाव तिसऱ्याकडून ठरावीक वर्षांसाठी घेतलेलं. 'ॲलन वेक' २०१७ साली डिजिटल दुकानांतून उतरला तो गेममधल्या गाण्यांचे परवाने संपल्यामुळे. परवाने पुन्हा मिळाल्यावर २०१८ साली तो परत आला. तुमचा गेमही असा परवान्यात अडकून नाहीसा झाला असेल, तर वाट बघणं हा खरोखरच एक पर्याय असतो.

इशारा: ट्रेडमार्कची नोंद रद्द झालेली दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. ट्रेडमार्क नावाचा असतो. तो सुटला तरी आतल्या प्रोग्रॅमवरचा, चित्रांवरचा आणि संगीतावरचा कॉपीराइट जागेवरच असतो.

## टप्पा ३: खरंच विक्रीत नाही का?

"कुठेच मिळत नाही" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी एकच दुकान पाहिलेलं असतं. जीओजी, स्टीम, झूम प्लॅटफॉर्म आणि हक्कदाराचं स्वतःचं दुकान, ही चारही बघा. टप्पा १ मधली सगळी नावं घालून बघा. एकेकटा न दिसणारा गेम मालिकेच्या संचात असू शकतो किंवा नव्या रूपातल्या आवृत्तीसोबत मूळ प्रत जोडून दिलेली असू शकते.

नव्या रूपाबाबत मात्र सावध असा. 'ब्लेड रनर' या १९९७ च्या गेमची सुधारित आवृत्ती २०२२ साली आली तेव्हा जुनी आवृत्ती दुकानातून काढून टाकली होती. लोकांनी ओरड केल्यावर ती परत ठेवली गेली. मूळ गेम हवा असताना रीमास्टर घेणं म्हणजे दुधाची तहान ताकावर. पानावर 'मूळ आवृत्ती समाविष्ट' असं स्पष्ट लिहिलेलं आहे का ते वाचून मगच पैसे भरा.

गेम मिळाला तर घेताना दोन गोष्टी लगेच करा. कुलूप नसलेला, म्हणजे इंटरनेटवर परवानगी न विचारता चालणारा ऑफलाइन इन्स्टॉलर मिळत असेल तर तो त्याच दिवशी उतरवून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. 'वॉरक्राफ्ट'चे पहिले दोन भाग जीओजीवरून डिसेंबर २०२४ मध्ये हटवले गेले. आधी घेतलेल्यांकडे ते राहिले, नव्यांना तिथले दार बंद झालं. दुसरं, सोबत येणारी मॅन्युअलची पीडीएफही उतरवा. ती का लागते ते टप्पा ५ मध्ये येईल.

डिजिटल दुकानात 'खरेदी' केलेला गेम बहुधा तुमच्या मालकीचा होत नाही, तुम्हाला वापराचा परवाना मिळतो. हे ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी करा' असं बटण लावू नये, असा कायदा कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. मला विचाराल तर कुलूप नसलेली प्रत चार पैसे महाग असली तरी तीच घ्यावी.

## टप्पा ४: मालकाने मोफत दिला आहे का?

दिला असेल तर कोणत्या अर्थाने दिला, हे इथे नीट बघावं लागतं. 'मोफत' या एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात.

शेअरवेअर. गेमचा पहिला भाग वाटायला मोकळा, बाकीचे विकत. १९९३ चा 'डूम' असाच आला. पहिला भाग मोफत फिरतो म्हणून पूर्ण गेमही मोफत आहे असं समजणं ही जुनी आणि चिवट चूक आहे.

फ्रीवेअर. हक्कदार म्हणतो, घ्या आणि खेळा. बेथेस्डाने 'द एल्डर स्क्रोल्स: अरीना' २००४ साली आणि 'डॅगरफॉल' २००९ साली असे दिले. रेव्होल्यूशनचे 'बिनीथ अ स्टील स्काय' आणि 'ल्यूअर ऑफ द टेम्प्ट्रेस' स्कमव्हीएम (जुने साहसी गेम आजच्या यंत्रांवर चालवणारा प्रोग्रॅम) या प्रकल्पाच्या साइटवर रीतसर मिळतात. पण फ्रीवेअर म्हणजे कॉपीराइट सोडला असं नव्हे. खेळायची परवानगी दिली म्हणून तुमच्या साइटवर ठेवायची, बदलून वाटायची किंवा विकायची परवानगी आपोआप मिळत नाही. परवान्याच्या फाइलीत काय लिहिलंय ते वाचा.

खुला सोर्स कोड. इथे सगळ्यात जास्त जण फसतात. 'डूम'चा कोड डिसेंबर १९९७ मध्ये खुला झाला, 'क्वेक'चा १९९९ मध्ये. कोड, म्हणजे गेमचं इंजिन. नकाशे, राक्षस, भिंतींची चित्रं, आवाज हे सगळं वेगळ्या डेटा फाइलीत असतं आणि ते खुलं झालेलं नाही. खुलं इंजिन रीतसर उतरवायचं आणि डेटा फाइल कुठल्याशा साइटवरून ढापायची, हा अर्धा रीतसर मार्ग नसतो. डेटा विकत घेतलेल्या प्रतीतून घ्या. नाहीतर 'फ्रीडूम'सारखा, स्वतःचा मोकळा डेटा बनवलेला प्रकल्प वापरा.

कोणीतरी परत लिहिलेलं इंजिन. ओपनएमडब्ल्यू, ओपनआरसीटी२ यांसारखे प्रकल्प इंजिन नव्याने लिहितात. त्यांनाही मूळ गेमच्या फाइली तुमच्याकडे असाव्या लागतात. प्रकल्पाच्या पानावर ही अट ठळक लिहिलेली असते आणि तरीही लोक "इन्स्टॉल केलं पण चालत नाही" म्हणत बसतात.

मोफत प्रत सापडली की घोषणा कोणी केली ते टप्पा २ मधल्या नावाशी ताडून बघा. नाव जुळलं तर घोषणेचं पान आणि परवान्याची फाइल तारखेसह गेमच्या फोल्डरमध्येच ठेवा, कारण मोफत दिलेला गेम मालक पुढे काढूनही घेतो. रॉकस्टारने 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चे पहिले दोन भाग काही वर्षं स्वतःच्या साइटवर मोफत ठेवले होते, नंतर ते तिथून गेले. "एकेकाळी मोफत होता" एवढ्या बळावर आज दुसऱ्याने ठेवलेली प्रत रीतसर ठरत नाही.

इशारा: इंटरनेट अर्काइव्हने २०१५ साली डॉसचे सुमारे २,४०० गेम ब्राउझरमध्ये चालतील असे ठेवले. एखादा गेम तिथे आहे म्हणजे हक्कदाराने संमती दिली, असा अर्थ काढू नका. हक्कदाराने हरकत घेतली की तो तिथून उतरतो.

## टप्पा ५: सेकंडहँड मूळ प्रत घेताना

डिजिटल दुकानात नाही, मालकाने मोफतही दिलेला नाही, तर मूळ खोक्यातली वापरलेली प्रत हा सरळ मार्ग उरतो. रीतसर विकली गेलेली सीडी किंवा फ्लॉपी पुढे विकायला बहुतेक देशांत आडकाठी नाही. घाई मात्र इथेच नडते. विक्रेत्याकडून हे आधी मागा:

- डिस्कच्या दोन्ही बाजूंचे, तिरप्या उजेडातले फोटो. सगळे चकचकीत बाजूचे ओरखडे बघतात. धोका लेबलच्या बाजूला जास्त असतो, कारण सीडीचा परावर्तक थर लेबलच्या लगेच खाली असतो. खालच्या प्लॅस्टिकवरचा हलका ओरखडा ड्राइव्ह बहुधा सांभाळून घेतो. लेबलवरचा खोल ओरखडा मात्र माहितीच घेऊन जातो. डिस्क दिव्यासमोर धरल्यावर टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसत असतील तर ती घेऊ नका.
- सिरियल की, म्हणजे इन्स्टॉल करताना टाकावा लागणारा क्रमांक, कुठे छापला आहे त्याचा फोटो. बहुधा ती डबीच्या मागे किंवा मॅन्युअलच्या कव्हरवर असते. डबी बदललेली असेल तर की गेली समजा.
- मॅन्युअल आणि सोबतचे सुटे भाग. १९९० चा 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' सुरू होताना समुद्री चाच्याचा चेहरा दाखवायचा आणि खोक्यातलं पुठ्ठ्याचं चक्र फिरवून उत्तर द्यायला लावायचा. चक्र नाही तर गेम पुढे जाणार नाही. काही गेम मॅन्युअलच्या अमुक पानावरचा अमुक शब्द विचारत.
- ऑनलाइन ॲक्टिव्हेशन, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरकडून एकदा मंजुरी घेणं, लागतं का, याचं उत्तर.

शेवटचा मुद्दा २००४ नंतरच्या खोक्यांसाठी फार महत्त्वाचा. 'हाफ-लाइफ २' त्या वर्षी आला तेव्हा डिस्क असूनही तो स्टीम खात्याला जोडावा लागायचा. अशी की एकदा कोणाच्या खात्याला जोडली गेली की तुमच्या हाती फक्त सुबक खोका उरतो. काही गेमना ॲक्टिव्हेशनसाठी ज्या सर्व्हरशी बोलायचं असतं तो सर्व्हरच बंद झालेला असतो. सील न फोडलेला खोकासुद्धा याला अपवाद नाही.

तपासा: डिस्कवर मार्करने नाव लिहिलं असेल किंवा खालची बाजू हिरवट-निळसर दिसत असेल, तर ती घरी रेकॉर्ड केलेली सीडी आहे. तिच्यासोबत मूळ खोका दिला तरी ती मूळ प्रत होत नाही.

## टप्पा ६: आधी इमेज, मग इन्स्टॉल

डिस्क हातात आली की लगेच ड्राइव्हमध्ये घालून खेळायला बसू नका. आधी तिची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची फाइलरूपातली नक्कल, काढा. जुनी डिस्क शेवटचं वाचन कधी देईल सांगता येत नाही.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर, रीतसर मिळवलेल्या प्रोग्रॅमची राखीव प्रत काढायला अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याचं कलम ११७, युरोपीय संघाचा २००९ चा सॉफ्टवेअर निर्देश आणि भारतीय कायद्याचं कलम ५२ ही सगळी मुभा देतात. ही मुभा मूळ प्रत ज्याच्याकडे आहे त्याची आहे. मूळ डिस्क विकली तर राखीव प्रतही ठेवायची नाही. आणि प्रत काढायची मुभा म्हणजे कॉपी-संरक्षणाचं कुलूप तोडायची मुभा नव्हे. अमेरिकेत ते कलम १२०१ खाली वेगळं मोजलं जातं.

क्रम असा ठेवा.

१. मऊ, बिनधाग्याच्या कापडाने चकचकीत बाजू मधून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसू नका.

२. फ्लॉपी असेल तर आधी ती लेखनबंद करा. साडेतीन इंचीवर कोपऱ्यातली खिडकी उघडी म्हणजे लेखन बंद. सव्वापाच इंचीवर उलटं, कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की लेखन बंद. हे उलटसुलट करून फ्लॉपी पुसून बसलेले लोक कमी नाहीत.

३. सीडीची इमेज आयएसओ (.iso) फाइलीत न काढता बिन आणि क्यू (.bin, .cue) या फाइलींच्या जोडीत काढा.

तिसऱ्या मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण 'गेम चालतो पण संगीत नाही' या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच सापडतं. १९९० च्या दशकातल्या अनेक गेमच्या सीडीवर पहिला ट्रॅक डेटाचा आणि त्यापुढचे ट्रॅक साध्या गाण्यांच्या सीडीसारखे असायचे. १९९६ चा 'क्वेक' असाच. खेळताना ड्राइव्ह ते ट्रॅक थेट वाजवायचा. आयएसओ फाइलीत फक्त डेटाचा ट्रॅक येतो, सेक्टरमागे (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा माहितीचा एक तुकडा) २,०४८ बाइट. बिन फाइलीत प्रत्येक सेक्टरचे पूर्ण २,३५२ बाइट येतात, गाण्यांचे ट्रॅकही येतात. आयएसओवरून इन्स्टॉल केलं की गेम सुरू होतो, गोळ्या झाडल्याचे आवाज येतात, राक्षस गुरगुरतात, फक्त पार्श्वसंगीताच्या जागी शुकशुकाट. कुठलीच चूक पडद्यावर येत नाही, म्हणून लोक तासन्‌तास ध्वनीच्या सेटिंगमध्ये डोकं घालून बसतात.

क्यू ही साधी टेक्स्ट फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडून बघा. पहिल्या ओळीत बिन फाइलीचं नाव दिसेल, खाली ट्रॅक १ डेटा प्रकारचा, आणि गाणी असतील तर ट्रॅक २ पासून पुढे ऑडिओ. बिन फाइलीचं नाव नंतर बदललंत तर पहिल्या ओळीतलंही बदला, नाहीतर इमेज उघडणारच नाही. काही प्रोग्रॅम दर ट्रॅकला वेगळी बिन फाइल करतात, तेव्हा अशा प्रत्येक ओळीकडे लक्ष द्या.

४. इमेज पुन्हा एकदा, शक्य असेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर काढा आणि दोन्हींचे हॅश, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेले ओळख-आकडे, जुळतात का बघा. रीडम्प या गेम डिस्कच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटच्या सूचीत बऱ्याच डिस्कच्या ट्रॅकांचे हॅश दिलेले आहेत, त्यांच्याशी ताडून पाहिलंत तर वाचन बिनचूक झालं की नाही कळतं.

कॉपी-संरक्षण असलेल्या जुन्या फ्लॉप्या साध्या ड्राइव्हवर नीट उतरत नाहीत. त्यांच्यासाठी ग्रीसवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारखं, चुंबकीय नोंद जशीच्या तशी वाचणारं उपकरण लागतं.

तपासा: मूळ डिस्क डबीत, इमेज दोन वेगळ्या ठिकाणी, सिरियल कीचा फोटो इमेजसोबत. एवढं झाल्यावरच पुढे.

## टप्पा ७: चालवणं

डॉसचा गेम असेल तर डॉसबॉक्स (आजच्या यंत्रावर डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम), जुना पॉइंट-अँड-क्लिक साहसी गेम असेल तर आधी स्कमव्हीएमच्या यादीत तो आहे का बघा. असला तर डॉसबॉक्सच्या वाटेला जायची गरज नाही. डॉसबॉक्समध्ये इमेज जोडताना क्यू फाइल द्या, बिन नव्हे.

विंडोज ९५-९८ च्या काळातल्या गेमचं दुखणं वेगळं. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम चालवत नाही, आणि त्या काळातल्या पुष्कळ ३२-बिट गेमचे इन्स्टॉलर मात्र १६-बिट होते. गेम चालला असता, पण इन्स्टॉलरच दारात अडतो. अशा वेळी जुनं विंडोज आभासी यंत्रात (कॉम्प्युटरच्या आत प्रोग्रॅमने उभ्या केलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये) चालवून तिथे इन्स्टॉल करता येतं. विंडोज ९८ किंवा एक्सपी हीसुद्धा कॉपीराइट असलेली सॉफ्टवेअरच आहेत, त्यांचीही रीतसर प्रत लागते. अमिगा या जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे एम्युलेटरलाही, हेच लागू आहे. एम्युलेटर मोकळा असला तरी अमिगा सुरू करणारा तिच्या आतला प्रोग्रॅम, किकस्टार्ट रॉम, मोकळा नाही, तो अमिगा फॉरएव्हर या संचात परवान्यासह विकत मिळतो.

सेफडिस्क या प्रकारचं कॉपी-संरक्षण असलेल्या डिस्क विंडोज १० पासून चालत नाहीत, कारण त्यासाठी लागणारा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणाने वगळला. तो जुना ड्रायव्हर शोधून परत बसवा, असा सल्ला मिळेल. ऐकू नका, ज्या भगदाडामुळे तो काढला ते भगदाड तुमच्या रोजच्या यंत्रात परत येतं. डिस्कशिवाय गेम चालवून देणाऱ्या अनोळखी 'नो-सीडी' फाइलीचंही तेच. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, कोणी बनवली माहीत नाही अशी प्रोग्रॅम फाइल तुम्ही मशीनवर चालवत असता. इथे अडलात तर टप्पा ३ कडे परत जा. डिजिटल आवृत्तीत हे संरक्षण बहुधा आधीच काढलेलं असतं.

ऑनलाइन भाग गेला असेल तर तो गेलाच. खेळाडूंना इंटरनेटवर एकत्र जोडणारी गेमस्पायची सेवा २०१४ साली थांबली तेव्हा कितीतरी गेमचा सामूहिक खेळ बंद पडला. युबीसॉफ्टच्या 'द क्रू'चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि तो एकट्यानेही खेळता येईना. असा गेम सेकंडहँड घ्यायच्या आधी हे तपासायला हवं होतं, म्हणून ते टप्पा ५ मध्ये आहे.

## टप्पा ८: काहीच हाती नाही, तर हक्कदाराला लिहा

हे फार थोडे लोक करतात आणि जे करतात ते बहुधा चुकीचं पत्र लिहितात. "तुमचा गेम मोफत करा ना" या पत्राला उत्तर येत नाही. तुम्हाला नेमकं काय हवं ते मागा: अमुक नावाच्या, अमुक सालच्या, अमुक आवृत्तीची एक प्रत स्वतःपुरती ठेवायची परवानगी, किंवा अमुक साइटवर विनामूल्य ठेवायची परवानगी. तुमच्याकडे काय आहे (मूळ डिस्क, मॅन्युअलचं स्कॅन) तेही सांगा. हक्कदार कंपनीकडे स्वतःच्याच जुन्या गेमची चालू प्रत नसते, असं अनेकदा घडतं.

काही प्रकरणं मात्र भिजत घोंगडं असतात. २००० सालचा 'नो वन लिव्ह्स फॉरएव्हर' परत आणायचा प्रयत्न नाइट डाइव्ह स्टुडिओजने केला. हक्क वॉर्नर ब्रदर्स, ॲक्टिव्हिजन आणि फॉक्स यांच्यापैकी कोणाकडे किती, हे त्या कंपन्यांनाच नीट सांगता येईना आणि गेम अडकून पडला. त्याच नाइट डाइव्हने 'सिस्टिम शॉक २'चे हक्क मात्र एका विमा कंपनीकडे असल्याचं शोधून काढलं, बोलणी केली आणि २०१३ साली तो गेम पुन्हा विक्रीत आणला. म्हणून टप्पा २ मध्ये गेम कंपनी सापडली नाही तर शोध तिथे संपवू नका. दिवाळं निघालेल्या कंपनीची मालमत्ता भलत्याच धंद्यातल्या माणसाकडे गेलेली असू शकते.

नुसता अभ्यासासाठी गेम पाहायचा असेल तर संग्रहालयं आहेत: अमेरिकेत रॉचेस्टरचं द स्ट्राँग, जर्मनीत बर्लिनचं कॉम्प्युटरश्पीलेमुझेउम. जतन केलेले गेम संशोधकांना घरबसल्या वापरू द्यावेत ही ग्रंथालयांची मागणी अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली गेली, त्यामुळे तिथले असे संग्रह पाहायला सहसा प्रत्यक्ष जावं लागतं.

पत्राला उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ नकार धरा, मूकसंमती नव्हे. उत्तर होकाराचं आलं तर ते लेखी घ्या. त्यात गेमचं नाव, आवृत्ती, काय करायला मुभा आहे आणि किती काळ, हे असायला हवं. खाली सही करणारा माणूस कंपनीच्या ग्राहक मदत कक्षातला असेल, तर कायदा विभागाचा किंवा परवाने देणाऱ्या विभागाचा दुजोरा मागा. मदत कक्षातल्या कोणी सौजन्याने लिहिलेलं "आमची काही हरकत नाही" कंपनीवर बंधनकारक असेलच असं नाही.